दोन दातांची जागा

आमच्या मळ्यातल्या इंजिनाचं उद्घाटन झालं, त्यात माझ्या आईचे पुढचे दोन दात गेले.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि उद्घाटनांना बहर आला होता. पंचायत समितीचे सभापती शाळेची खोली, पाणंद, कोंडवाडा, जे सापडेल त्याचं उद्घाटन करत फिरत. धामणगाव बढ्याजवळच्या आमच्या मळ्यात मोटेच्या जागी तेलाचं इंजिन आलं, तेव्हा वडिलांना वाटलं, एवढ्या यंत्राला नुसता नारळ पुरणार नाही, माणूसही मोठाच हवा. सभापती आले. फेटा, हार, मागे पाच-सहा होयबा. भाषण झालं. भाषणात देश होता, भाक्रा-नांगल होतं, आमची वांगी मात्र कुठे नव्हती. मग त्यांनी हँडल स्वतःच फिरवायचा हट्ट धरला. इंजिनानं पेट घेतला की हँडल चटकन काढून घ्यायचं असतं. सभापतींनी ते तसंच सोडलं आणि हात जोडले, कारण टाळ्या सुरू झाल्या होत्या.

हँडल दोन गिरक्या घेऊन सुटलं आणि आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या आईच्या तोंडावर बसलं. वरचा एक दात मातीत पडला, शेजारचा हिरडीपाशी मोडला. तिनं पदर तोंडाशी धरला, पण ताट खाली ठेवलं नाही. सभापती म्हणाले, "या माउलीला आपण सोन्याचे दात बसवून देऊ!" पुन्हा टाळ्या. तेवढ्यात इंजिनानं पाणी ओढलं आणि सगळे पाणी पाहायला गेले. सोन्याचे दात त्या भाषणातच राहिले.

दुसऱ्या कोणा बाईनं एवढं मनावर घेतलं नसतं. मळ्यात राबणाऱ्या बाईचे दात जातातच. पण माझी आई गाणारी होती. आमच्याकडे लग्नात विहिणींची पंगत बसते, तेव्हा मुलीकडच्या बायका वरपक्षाला गाण्यातून टोमणे मारतात. शिव्याच त्या, पण तालात. त्या गाण्यांसाठी आईला पंचक्रोशीतून बोलावणं यायचं. मोठमोठ्या विहिणी हातातला घास तसाच ठेवून हसायच्या आणि मग कशाला हसलो ते कळून गप्प व्हायच्या. आता माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न जवळ आलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींसाठी गायलेली ही बाई स्वतःच्या लेकीच्या मांडवात तोंड कसं उघडणार, एवढाच प्रश्न होता.

वडील तिला खामगावच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मी तिथेच कॉलेजात होतो, म्हणून सोबत गेलो. डॉक्टरनं मोडलेला दात काढला, जखम भरल्यावर माप घेतलं आणि गुलाबी पट्टीवर दोन दात बसवलेली कवळी करून दिली. आरसा पुढे धरला. आई आरशात बघून हसली आणि आपल्या हसण्याला स्वतःच लाजली.

डॉक्टर बोलका होता. म्हणाला, "बाई, दात म्हणजे भिंतीत ठोकलेली खुंटी नव्हे. बाजेच्या सुतळीसारख्या बारीक दोऱ्यांनी तो हाडात टांगलेला असतो. शेजार गेला की बाजूचे दात त्या मोकळ्या जागेकडे कलायला लागतात. एका अंगाचं हाड झिजतं, दुसऱ्या अंगाला नवं भरतं. खालचे दात वर यायला बघतात. हिरडी आटते. म्हणून ही रोज घालायची. पहिले काही दिवस टोचेल. मग तोंडाला तिची सवय होईल, आणि काढून ठेवली तरच चुकल्यासारखं वाटेल."

"कांद्याच्या वाफ्यात एक रोप मेलं का बाजूचे फुगून ते जागा खातेत," आई म्हणाली. "तसंच ना?"

"अगदी तसंच."

तिला सगळं कळलं होतं. घरी आल्यावर तिनं कवळी धुतली, पुसली, कापसात गुंडाळली आणि लग्नासाठी घेतलेल्या शालूच्या घडीत ठेवून ट्रंकेला कुलूप लावलं.

"माय, रोज घालायची सांगतली ना त्यानं?" ताईनं विचारलं.

"रोज घातली तं झिजन ना व! मंग तुह्या लग्नात काय घालू, घासलेले दात?"

"दात कधी झिजते काय?"

"पायातली चप्पल झिजते, तुह्या बापाची अक्कल झिजली, दात काऊन नाही झिजनार?"

आमच्या घरात नवी वस्तू वापरायची नसे. नवं लुगडं सणाला, कपबश्या पाहुण्यांना, गादी जावयाला. चांगलं म्हणून जे जे आलं ते ट्रंकेत जाऊन म्हातारं झालं. दातांचा न्याय वेगळा कसा असेल?

ताईचं ठरलं ते पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, साखरखेर्ड्याकडे. मग मुलाचा आजा वारला, त्यात एक वर्ष गेलं. पुढच्या वर्षी गुरू सिंह राशीत गेला आणि भटजींनी लग्नं बंद केली. आकाशातला एक ग्रह इतक्या दुरून आमच्या तारखांत लक्ष घालतो याचं मला तेव्हाही नवल वाटे. तोवर आई ओठ मिटून हसायला शिकली आणि बोलताना पदराचं टोक तोंडाशी नेऊ लागली. ट्रंकेतले दात सुखरूप आहेत या भरवशावर तोंडातले दात आपलं काम करत होते.

लग्नाच्या सकाळी तिनं कुलूप उघडलं. कवळीला डांबराच्या गोळ्यांचा वास लागला होता. ती बसली नाही. दोन्ही बाजूंचे दात आत कलले होते. आईनं अंगठ्यानं दाबली, ओली करून दाबली, शेवटी डोळे मिटून जोर केला आणि हिरडीतून रक्त आलं. ताई हळद लागलेल्या हातांनी तिचा हात धरून म्हणत होती, "राहू दे माय, तशीच गाय. तुह्यं तोंड कोन पाह्यते? सारे मलेच पाहतीन."

विहिणींच्या पंगतीला बायका आईच्या तोंडाकडे बघत बसल्या. आईनं पदर सोडला नाही. शेवटी एक चुलती उठून काहीतरी पडेल आवाजात गायली. विहीणबाई बुंदीचा लाडू फोडत शेजारणीला म्हणाली, "मुलीची आय लई गाती म्हणत होते. ही तर मुकीच हाय की." मुंडावळ्यांच्या आडून ताईनं आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती, आणि आईला लागलं ते तेच. पुढे कितीदा तरी ती म्हणायची, "पोरगी वाट पाहून राह्यली होती व माह्या गाण्याची."

कवळी पुन्हा ट्रंकेत गेली.

ताई पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगी झाली. मुलगी पाच महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन ती सासरी गेली आणि त्याच पावसाळ्यात काविळीनं वारली. निरोप इकडे पोचेपर्यंत तिकडे सगळं आटोपलं होतं. आई-वडील तिथे पोचले तेव्हा राखही सावडून झाली होती. आईनं नात मागितली. विहीणबाई म्हणाली, "पोर आमच्या घरची. तिच्या बापाला सोडून ती कशी येईल?"

आमच्या घरात जेवताना ताईची जागा चुलीच्या डाव्या हाताला, भाकरीच्या टोपल्याजवळ. ती गेल्यावर सुरुवातीला तिथे कोणी बसत नसे. मग एकदा वडिलांना भिंतीला टेकावंसं वाटलं म्हणून ते थोडे सरकले. मी थोडा सरकलो. टोपलं चुलीच्या दुसऱ्या बाजूला गेलं. कोणी काही ठरवलं नाही. काही महिन्यांनी मी सुटीत आलो आणि बघितलं, तर तिथे जागाच नव्हती.

फाल्गुनात जावयानं दुसरं लग्न केलं. वाईट काही केलं नाही त्यानं; तान्ही मुलगी, घरात म्हातारी आई. मग विहीणबाईचा निरोप आला, आणि तो रिवाजाला धरून होता. पहिलीच्या माहेरानं दुसरीला लेक मानायचं असतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. तुम्ही मुऱ्हाळी पाठवून नवीला लेक म्हणून न्या, नात तिच्यासोबत येईल. दरवर्षी येईल. लेक मानायची नसेल, तर नातीचं तरी नातं काय उरलं?

आई सांजोऱ्यांचा रवा निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"माह्या लेकीची जागा म्हणजे काय यष्टीतली शीट हाय? एक उठली, दुसरी बसली?"

वडील म्हणाले, "अवं, पोर तं दिसन आपल्याले."

"मले समजते ते."

"मंग?"

"मंग काय? आना तिले. नातीसाठी आना. पन मले माय म्हनू नको म्हना."

बहिणीला आणायला जाणारा भाऊ तो मुऱ्हाळी. याआधी मी एकदाच गेलो होतो, ताईसाठी. आता त्याच रस्त्यानं, मोताळा, बुलढाण्याचा घाट, चिखली, असा एका परक्या बाईचा भाऊ व्हायला निघालो. मला हा सगळा रिवाज म्हणजे नात्यांची खोगीरभरती वाटत होता. पण खोगिरावर पोर बसली होती.

नवी विशीची असेल. हाडापेरानं मोठी, एक सुळा शेजारच्या दातावर चढलेला. गळ्यात मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक. त्यावर बाईची आकृती ठोकलेली. दुसरीनं पहिलीची आठवण अशी गळ्यात वागवायची असते. ती आकृती ताईसारखी मुळीच दिसत नव्हती. सोनाराकडे ठसा एकच असणार, जिल्ह्यातल्या सगळ्या मेलेल्या बायकांना तोच. भाची तिच्या कडेवर होती. पोरीला दात येत होते, आणि लाळ गाळत ती तोच टाक चावत होती.

घाट उतरताना नवी म्हणाली, "भाऊ, तुमच्या आई रागावल्यात का?"

"नाही."

"एवढ्या झटक्यात नाही म्हणालात म्हंजी लई रागावल्यात."

मी खिडकीबाहेर पाहिलं. तिनं पोरीच्या तोंडातून टाक काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा तिच्या हातात दिला.

दारात आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, तो फक्त नातीवरून. मग मला म्हणाली, "पाव्हणीले पानी दे." नातीला घ्यायला हात पुढे केले तर पोर किंचाळली आणि नवीच्या मानेत तोंड खुपसून "आय, आय" करू लागली. आईचे हात तसेच राहिले. मग तिनं ते पदराला पुसले.

दुसऱ्या दिवशी आखाजी. या दिवशी गेलेल्यांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरतात, वर खरबूज आणि आंबे ठेवतात. लेकीची घागर तिच्या सासरी भरायची, माहेरी नाही. आईला हे माहीत होतं. तरी ट्रंकेच्या मागच्या कोपऱ्यात तिनं एक लहानसं लाल मडकं ठेवलं होतं. त्यावर एक आंबा. कोणी विचारलं नाही.

जेवायला बसलो. नवीला आईनं उंबऱ्याजवळ पाट दिला होता, पाहुण्यांचा. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या. आई वाढत होती आणि नवीकडे न बघता तिच्या ताटाकडे बघत होती. नवी जेवेना. तिनं गळ्यातला टाक काढून ताटाच्या कडेला ठेवला, त्यावर दोन थेंब पाणी सोडलं, पोळीचा घास मोडून त्याच्यासमोर ठेवला. हात जोडले. मग टाक गळ्यात घालून पहिला घास घेतला.

आई रसाची वाटी धरून उभी राहिली. "हे काय व?"

"त्यांना दाखवून जेवते."

"सनाचं?"

"नाही जी. रोज."

"रोज?"

"रोजच. एक दिस इसरले, तर घासच उतरंना." मग जरा लाजून म्हणाली, "पहिल्यांदा लई टोचायचा हो हा. निजताना काढून ठेवायची. सासूबाई म्हणल्या, सणावारी घालत जा. म्हणलं, तसं कसं? त्यांची पोर मी रोज घेते, मग त्यांनाही रोजच घ्यायला पायजे. आता काढला तर मान उघडी पडल्यावानी वाटते."

खामगावच्या डॉक्टरच्या त्या खोलीत आई होती, वडील होते, मी होतो. वडिलांना आठवलं की नाही, माहीत नाही. ते रस ओरपत होते. आई वाटी खाली ठेवून आतल्या खोलीत गेली. मला ट्रंकेचं कुलूप वाजल्यासारखं वाटलं, पण ती बाहेर आली ती ते लाल मडकं घेऊन. नवीच्या पाटाजवळ ते ठेवलं.

"जेवन झालं का हे नव्या पान्यानं भर. तुह्या हातानं. इथं माहेरी भरत नाहीत. पन तू सासरचीच होय ना तिच्या."

नवीनं मान हलवली. तिला पुढचा घास घेता येईना.

"जेव व बाई," आई म्हणाली. "सांजोऱ्या कडक होतेत मंग." पदर तिच्या तोंडाशी नव्हता. उंबऱ्याजवळ बसलेल्या पोरीनं त्या दोन दातांच्या जागेकडे टक लावून पाहिलं आणि रसाचं बोट तिकडे रोखलं.

संध्याकाळी मळ्यातल्या चिंचेला झोके बांधले होते. माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर, म्हाताऱ्या खाली बसून गाणी म्हणत होत्या. इंजिन बंद होतं, म्हणून आवाज लांबपर्यंत येत होता. मी विहिरीच्या काठावर बसलो होतो. नवी झोक्यावर बसली, मांडीवर पोर, आणि खालून आईचा गाण्यातला आवाज आला. इंजिन आल्यापासून तो मी ऐकला नव्हता. फटीतून वारा सुटत होता, शब्द ओलसर येत होते, पण सूर जागच्या जागी होता. बायका थांबून ऐकू लागल्या.

आखाजीच्या गाण्यात प्रत्येक कडव्याला लेकीचं नाव घालायची जागा येते. झोक्यावर जी असेल तिचं नाव. लहानपणापासून त्या जागी मी ताईचंच नाव ऐकलं होतं, वर्षानुवर्षं, इतकं की ते गाण्याचाच भाग वाटायचं. ती जागा आली आणि आई थांबली. झोका एकदा पुढे गेला, मागे आला. मग तिनं नवीचं नाव घातलं आणि कडवं पुरं केलं.

बायकांनी पुढची ओळ धरली. झोका उंच गेला. तिनं हे करायला हवं होतं, हे मला कळत होतं. तरी मी विहिरीत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांवर जाऊन बसलो, जिथे गाणं ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर नवी दर आखाजीला येत राहिली, आणि काही वर्षांनी नवी राहिली नाही. मी तिला ताई म्हणू लागलो. पहिल्यांदा जीभ अडखळली, मग नाही. माझी मुलं तिला आत्या म्हणतात. त्यांना एकच आत्या आहे. आईनं नात वाढताना पाहिली, तिच्या लग्नात विहिणींना पोट धरून हसायला लावलं आणि मग थकली. शेवटच्या वर्षांत तिच्या तोंडाकडे पाहून तिथे कधी दोन दातांची मोकळी जागा होती असं कोणाला सांगता आलं नसतं. बाजूचे दात तिरपे होऊन जवळ आले होते, हिरडी त्यांच्याभोवती बसली होती, मध्ये बोटभरही नाही अशी फट. अनोळखी माणसाला वाटलं असतं, बाईचे दात जन्मापासून असेच वाकडे.

ती गेल्यावर ट्रंक उघडायला ताईच बसली. शालूच्या घडीतून कापसाची गुंडाळी निघाली. तिनं सोडवली, दोन दात तळहातावर घेतले.

"हे कुणाचं हो भाऊ?"

"आईचं."

"माईचं? माईला तर सगळे दात होते."

मी तिला सांगितलं. इंजिन, सभापती, खामगाव. मग लग्नाचं सांगायला लागलं, आणि लग्न म्हटल्यावर पहिल्या ताईचं. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं तिच्याबद्दल कधी बोललो नव्हतो. ती ऐकत राहिली. टाक अजून गळ्यात होता. इतक्या वर्षांत घासून घासून त्यावरच्या बाईचे नाक-डोळे गेले होते.

"माई गाण्यात त्यांचं नाव कसं घालायच्या?" तिनं विचारलं.

मी चाल म्हणून दाखवायला गेलो. कडवं आठवलं, झोका आठवला. नावाच्या जागी तोंडात समोर बसलेल्या या ताईचंच नाव आलं.